फोन करीन म्हणाले आणि नापास झाले

मिनेसोटातल्या ईडन प्रेरी गावच्या आमच्या मराठी मंडळींना माझं काम नेमकं काय आहे हे पक्कं ठाऊक होतं, पण ते तोंडानं म्हणायची कुणाचीच तयारी नव्हती. मी मोठ्या आतड्याची आणि त्याच्या शेवटच्या टोकाची सर्जन. ओळख करून देताना लोक म्हणायचे, "ह्या पोटाच्या डॉक्टर." मग जेवणं झाली की एकेक जण मला फ्रीजच्या आडोशाला गाठायचा आणि आवाज खाली आणून म्हणायचा, "एक विचारू का? माझं नाही हं, एका मित्राचं आहे." इतक्या मित्रांची मूळव्याध मला फ्रीजपाशी कळली, पण त्यातला एकही मित्र कधी माझ्याकडे दवाखान्यात आला नाही.

२००१ साली मी अमेरिकेतली जनरल सर्जरीची पाच वर्षं संपवली. त्याआधी महाराष्ट्रातल्या सरकारी मेडिकल कॉलेजातून एम.एस. केलं होतं, ते इथं कुणी मोजलं नाही, आणि मीही एव्हाना त्याचा विषय काढणं सोडून दिलं होतं. नंतर एक वर्ष आतड्याच्या सर्जरीची फेलोशिप केली. नवरा मिनेसोटात सॉफ्टवेअरच्या नोकरीत होता, म्हणून मीही तिथलंच एक हॉस्पिटल धरलं. नेमणुकीच्या पत्रात एक अट होती: तीन वर्षांत आतड्याच्या सर्जरीचं बोर्ड, म्हणजे त्या शाखेच्या प्रमाणपत्राची परीक्षा, पास झालं पाहिजे, नाहीतर ऑपरेशन करायची परवानगी बंद. म्हणजे आज मी रुग्णाचं आतडं कापून जोडलेलं चालत होतं, पण तीन वर्षांनी त्याच हातांनी ते चालणार नव्हतं.

आमच्या मंडळात तीस वर्षं मिनेसोटात काढलेल्या एक काकू होत्या. कुणाच्या घरी काय चाललंय ते त्यांना आधी कळायचं, मग त्या घरातल्यांना. त्यांनी मला एका रविवारी गाठलं.

"परीक्षा आहे म्हणे तुझी. कसली?"

"बोर्डाची, काकू."

"बोर्डाची? म्हणजे दहावीसारखी?"

"नाही हो. सर्जरीचं बोर्ड."

"ते मागच्या वर्षी झालं ना? पेढे खाल्ले की आपण."

"ते जनरल सर्जरीचं. हे आतड्याचं."

काकूंनी थोडा विचार केला. "मग प्रत्येक अवयवाचं वेगळं बोर्ड असतं का गं?"

मला हसू आलं, पण प्रश्न चोख होता. बोर्डातल्या कुणालाही विचारला असता तर त्याच्याकडे तीन पानी उत्तर तयार असतं, आणि ते वाचून काकूंना माझ्यापेक्षा जास्त काही कळलं नसतं.

लेखी परीक्षा २००३ मध्ये झाली. ती सोपी नव्हती, पण सरळ होती. कॉम्प्युटरसमोर बसायचं, पाच पर्यायांतला एक निवडायचा. मी पास झाले. खरा तमाशा तोंडी परीक्षेचा होता. ती एका मोठ्या शहरातल्या हॉटेलात व्हायची. त्याआधी शहाण्या माणसानं तयारीचा कोर्स करायचा असतो असं सगळ्यांनी सांगितलं, म्हणून मीही केला. विमानतळाजवळच्या दुसऱ्या एका हॉटेलात दोन दिवस आम्ही चाळीस सर्जन शाळकरी मुलांसारखे रांगेत बसलो होतो. शिकवायला एक निवृत्त सर्जन होता. त्यानं सुरुवातीलाच खिशातून पेन काढून आमच्याकडे रोखलं.

"एक गोष्ट लक्षात ठेवा," तो म्हणाला. "परीक्षेच्या खोलीत तुम्ही एकटे असता. जगात दुसरा सर्जन नाही असं समजा. 'मी सहकाऱ्याला विचारीन' हे वाक्य ज्याच्या तोंडून निघालं तो गेला."

मी हात वर केला. "पण खऱ्या आयुष्यात आपण विचारतोच ना?"

"खरं आयुष्य सोमवारी सुरू होतं," तो म्हणाला. "परीक्षा शनिवारी आहे."

सगळे हसले आणि सगळ्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मी लिहिलं नाही. माझा हा ताठा मला पुढे चांगलाच नडला.

परीक्षेच्या दिवशी हॉटेलच्या नवव्या मजल्यावर लांबलचक कॉरिडॉरमध्ये प्रत्येक दारासमोर एक खुर्ची आणि प्रत्येक खुर्चीत एक काळा सूट. एक जण डोळे मिटून ओठ हलवत होता. मला वाटलं देवाचं नाव घेतोय, जवळून ऐकलं तर कॅन्सरच्या पायऱ्या पाठ म्हणत होता. घंटा वाजली की सगळ्यांनी एकदम उठायचं, दारावर टकटक करायची आणि आत जायचं. तीन खोल्या, प्रत्येकीत दोन परीक्षक. खोलीतला पलंग हलवून तिथं टेबल मांडलेलं होतं, आणि गालिच्यावर पलंगाच्या पायांचे चार खड्डे तसेच दिसत होते. माझ्या धंद्यातली लायकी ठरवायला या लोकांना कुणाची तरी झोपायची खोलीच सापडली होती.

पहिली खोली बरी गेली. दुसरीत एक पांढऱ्या केसांचा परीक्षक होता आणि एक तरुण, जो सुरुवातीपासून माझ्याकडे न बघता कागदावर लिहीत होता. पांढऱ्या केसांच्या माणसानं प्रश्न टाकला. गुदाशयाचा कॅन्सर, तुम्ही आतडं मागच्या हाडापासून सोडवताय, आणि हाडावरच्या शिरा फाटून रक्ताचा लोंढा सुरू झालाय. काय कराल?

"बोटानं दाबीन," मी म्हणाले. "भूल देणाऱ्याला सांगीन, रक्त मागवीन. मग कापडाच्या पट्ट्या घट्ट भरून दाबून ठेवीन."

"रक्त पट्ट्यांतून झिरपतंय."

"आणखी भरीन. आणि इमारतीत दुसरा कुणी सर्जन असेल तर त्याला बोलावून घेईन."

"इमारतीत कुणी नाही."

"मग फोन करीन."

"फोन लागत नाही."

त्या क्षणी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या घराण्यात गप्प बसायची पद्धत नाही. मी म्हणाले, "असं कुठलं हॉस्पिटल आहे, जिथं कॅन्सरचं ऑपरेशन होतं पण फोन लागत नाही?"

तरुणानं पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि परत खाली घालून बरंच काही लिहिलं. पांढऱ्या केसांच्या माणसानं विचारलं, "हाडात ठोकायच्या पिनांबद्दल ऐकलंय का तुम्ही?"

ऐकलं होतं. टाचणीला मोठं डोकं असावं तशा धातूच्या छोट्या पिना असतात, फाटलेल्या शिरेवर ठेवून हाडात दाबायच्या. "पुस्तकात वाचलंय," मी म्हणाले. "स्वतः कधी केलेलं नाही. जे केलेलं नाही ते पहिल्यांदा लोंढ्यात करून बघणार नाही."

"तुम्ही जिथं शिकलात, तिथं या पिना मिळत नसत का?"

मी पाच अधिक एक वर्षं त्याच्याच देशात शिकले होते, आणि त्याच्यासमोरच्या अर्जात ते पहिल्याच ओळीत लिहिलेलं होतं. तसं मी त्याला सांगितलं. घंटा वाजली.

काही आठवड्यांनी पत्र आलं. नापास. कारण लिहायची पद्धत नसते. फक्त पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा, अशी विनंती. नवऱ्यानं पत्र दोनदा वाचलं आणि त्याच्या परीनं मला धीर दिला.

"अगं, आमच्यात सर्टिफिकेशन म्हणजे दुपारी जेवून बसायचं आणि टिक करत जायचं. नाही झालं तर पुढच्या आठवड्यात परत. एवढं काय मनावर घेतेस?"

"तुमचा प्रोग्रॅम बंद पडला तर रीस्टार्ट होतो," मी म्हणाले. तो बिचारा भांडी घासायला उठला. दोन दिवस मी त्याच्याशी धड बोलले नाही, आणि त्याचा काहीही दोष नव्हता.

मंडळात बातमी पोचायला एक रविवार पुरला. पुढच्याच महिन्यात काकूंनी मला फ्रीजपाशी सांगितलेल्या त्या 'मित्राच्या' दुखण्याचं ऑपरेशन करून घेतलं, माझ्याच हॉस्पिटलात, माझ्याच प्रॅक्टिसमधल्या सीनिअरकडून. मला कॉरिडॉरमध्ये भेटल्या तेव्हा ओशाळल्यासुद्धा नाहीत. "राग मानू नकोस हं. तू अजून पास नाहीस ना, म्हणून म्हटलं. तू झालीस की तुझ्याकडेच येईन." पुन्हा यावं लागणारं हे दुखणं नव्हे, हे त्यांना सांगायचा मला फार मोह झाला.

आता हा सीनिअर. उंच, देखणा, साठीतला, आवाज रेडिओवरच्यासारखा. त्याच्या काळी बोर्ड एकदा पास झालं की मरेपर्यंत पास असायचं; दर दहा वर्षांनी परीक्षेला बसायचा नियम नंतर आला आणि जुन्या लोकांना त्यातून सोडून दिलं. त्यानं शेवटची परीक्षा दिली तेव्हा मी बहुधा बालवाडीत होते. त्यानंतर त्याला एकही प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि तशी त्याला सवयही राहिली नव्हती. मी नापास झाल्यावर तो मला म्हणाला, "ती परीक्षा म्हणजे दोन सभ्य माणसांमधल्या गप्पा असतात. तू फार मनाला लावून घेतलंस." दुसऱ्यांदा अर्ज करायला माझ्या चारित्र्याचं आणि कौशल्याचं प्रमाणपत्र लागणार होतं, आणि त्यावर सही याचीच.

त्या हिवाळ्यात एका सकाळी मी माझी छोटी केस आटपून हातमोजे काढत होते. शेजारच्या थिएटरमधली नर्स दारात आली. वीस वर्षांची अनुभवी बाई, कधी घाई न करणारी. त्या दिवशी ती धावत आली होती.

"डॉक्टर, येता का जरा?"

"त्यांनी बोलावलंय?"

"नाही," ती म्हणाली. "मी बोलावतेय."

मी आत गेले. सीनिअर गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन करत होता. सक्शनची नळी एकसारखी गुरगुरत होती आणि बाटली भरलेली होती. हाडावरच्या शिरा फाटल्या होत्या. भूल देणारा डॉक्टर दोन्ही हातांनी रक्ताच्या पिशव्या दाबत होता.

"मदत हवीय का?" मी विचारलं.

"पाच मिनिटांत आटपतो," सीनिअर मान वर न करता म्हणाला. "पिना कुठायत? पिना आणा!"

पिना शोधायला एक जण स्टोअरमध्ये गेला होता. पाकीट सापडलं. सीनिअरनं एक पिन दाबली, ती तिरकी गेली. दुसरी दाबताना शिरेचं भोक आणखी फाटलं. भूल देणाऱ्यानं रक्तदाबाचा आकडा मोठ्यानं सांगितला. तो ऐकून मी हात धुवायला गेले, कुणाची परवानगी न घेता. परत आले, गाऊन चढवला, टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिले आणि म्हणाले, "हात काढा."

मला वाटलं होतं तो ओरडेल. त्यानं निमूट हात काढला. मी पट्टीची घडी करून मूठ आत घातली आणि दाबून धरली. बस, एवढंच. यात कसलीही हुशारी नाही. कुठलाही प्लंबर हेच करेल. वीस मिनिटं मी तशीच वाकून उभी होते, हाताला मुंग्या येत होत्या. रक्तदाब सावरला. मग आम्ही पट्ट्या ठासून भरल्या, पोट तात्पुरतं बंद केलं आणि दोन दिवसांनी परत नेऊन त्या काढल्या. रक्त थांबलेलं होतं. रुग्ण एक शाळेच्या बसचा ड्रायव्हर होता. तीन आठवड्यांनी तो चालत घरी गेला.

कपडे बदलताना सीनिअर मला बाहेर भेटला. "तू आली नसतीस तरी मी आणलंच असतं आटोक्यात," तो म्हणाला. मला इतकंच कळलं की याच्या डोक्यातही तो फोन बंदच होता. फक्त यानं तो स्वतःच बंद करून ठेवला होता.

दर महिन्याला आमच्याकडे बिघडलेल्या केसेसची बैठक व्हायची. सीनिअरनं ही केस स्वतःच मांडली, त्या रेडिओच्या आवाजात. "या टप्प्यावर आम्ही पट्ट्या भरून थांबायचा निर्णय घेतला." आम्ही. कुणी काही विचारलं नाही. मागच्या रांगेत ती नर्स बसली होती. ती आपल्या बुटांकडे बघत राहिली. आणि मी? मीही हात वर केला नाही. माझ्या अर्जावर अजून त्याची सही व्हायची होती. पुढच्या आठवड्यात ती झाली. पत्रात त्यानं लिहिलं होतं की मी 'हळूहळू एक भरवशाची सर्जन होते आहे.' ते पत्र मी स्वतःच पाकिटात घालून पाठवलं.

पुढच्या शरद ऋतूत दुसऱ्यांदा तोंडी झाली. शहर वेगळं, हॉटेल वेगळं, काळे सूट तेच. या वेळी मी अगदी गुणी मुलीसारखी तयारी केली होती. नवऱ्याला समोर बसवून, त्याच्या हातात प्रश्नांचा गठ्ठा देऊन मी महिनाभर उत्तरं घोकली होती. त्याला बिचाऱ्याला फिस्टुला, म्हणजे आपलं भगंदर, नेमकं काय असतं हे परीक्षेच्या आदल्या दिवशी कळलं, आणि मग त्या दिवशी तो जेवला नाही.

तिसऱ्या खोलीत मला एक विचित्र केस मिळाली: आधी तीनदा ऑपरेशन झालेली तरुण बाई, आतड्याची अशी गुंतागुंत की खऱ्या आयुष्यात मी पहिल्या मिनिटाला फेलोशिपमधल्या माझ्या सरांना फोन लावला असता. मी हाताची घडी घातली आणि न अडखळता सांगत गेले. आधी हे करीन, मग ते करीन, अमुक सापडलं तर तमुक. त्यातलं निम्मं मी कधी डोळ्यांनी पाहिलेलंही नव्हतं. परीक्षक मान डोलावत होते. एक जण तर हसून म्हणाला, "तुम्ही हे बऱ्याचदा केलेलं दिसतंय."

"हो," मी म्हणाले.

पास झाले. काकूंना पेढे पाहिजे होते, ते दिले. त्यांनी एक तोंडात टाकला आणि विचारलं, "मग आता संपलं ना सगळं?"

संपत काहीच नसतं. दहा वर्षांनी पुन्हा परीक्षा होतीच, पण तेवढ्यानं बोर्डाचं समाधान होईना. दोन-तीन वर्षांत त्यांनी प्रमाणपत्र टिकवायचा एक नवा कार्यक्रम काढला. आता सतत शिकत राहायचं, आणि शिकतोय याचा पुरावा देत राहायचं. कॉम्प्युटरवर धडे असायचे. मी ते दुपारी सँडविच खाता खाता करायची. एका धड्यात रुग्णाची खोली ओळखायला दारावरचा नंबर वाचावा असं शिकवलं होतं, आणि शेवटी त्यावर प्रश्न होता. मी तो चुकले, कारण घाईत दुसऱ्याच ठिकाणी टिक केलं. मग 'आपल्या चुकीवर चिंतन करा' अशी चौकट उघडली. मी त्यात 'केलं' असं लिहिलं. मशीन खूश झालं.

मग सहकाऱ्यांनी भरायचे फॉर्म आले. माझ्याबद्दल सीनिअरनं भरायचा होता. त्याच्याबद्दल कुणीच नाही, त्याला सगळंच माफ. फॉर्ममध्ये एक प्रश्न असा होता: 'गरज पडल्यास ही डॉक्टर योग्य वेळी इतरांची मदत घेते का?' पाचपैकी गुण द्यायचे. ज्या बोर्डानं मला फोन करीन म्हटल्यावर नापास केलं होतं, त्याच बोर्डाचा हा फॉर्म. सीनिअरनं मला चार दिले. एक गुण का कापला हे विचारायला मी त्याच्या खोलीत गेले.

"पाच कुणालाच द्यायचे नसतात," तो म्हणाला. "मग सुधारायला वाव राहत नाही."

तो हे गंभीरपणे बोलत होता. मी आभार मानून बाहेर आले.

२००८ च्या उन्हाळ्यात त्यानं काम थांबवलं. त्याला कुणी थांबवलं नाही, त्याच्या पाठीनं थांबवलं. हॉस्पिटलनं दुपारच्या जेवणाच्या वेळी निरोप समारंभ ठेवला. प्रशासनाचे लोक आले होते, नर्सेस आल्या होत्या, भूल देणारे आले होते. सीनिअरनं भाषण केलं, आणि मला कबूल करायलाच हवं की छान केलं. दर्जा ढासळू देऊ नका, म्हणाला. आमच्या पिढीनं दर्जा राखला, आता तुमची पाळी. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारी ती नर्स उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं.

"टाळ्या वाजवायच्या का?" तिनं हळूच विचारलं.

"वाजव," मी म्हणाले. "शिफारसपत्र लागेल कधीतरी."

आम्ही दोघींनी जोरात टाळ्या वाजवल्या. मग कागदी ताटलीतला केक अर्धा ठेवून मी वर थिएटरला निघाले. दीड वाजताची केस होती, साधीच, आणि रुग्ण केव्हाचा थांबला होता.